सहा-सात शब्दांचं वाक्य

"रिटायर झाल्यावर स्पॅनिश? त्यापेक्षा आमच्या भजनी मंडळात ये की!" असं मंडळातल्या एका जुन्या मैत्रिणीने मला सरळ तोंडावर सांगितलं. तिचंही चुकलं नाही. तीस वर्षं कॉम्प्युटरसमोर डेटाबेस सांभाळण्यात घालवलेल्या बाईने साठीनंतर अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींच्या शेजारी बसून क्रियापदं चालवत बसावं, हे जरा विचित्रच. पण आमच्या राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत ज्येष्ठ नागरिकांना, वर्गात जागा शिल्लक असेल तर, फी न भरता बसू देतात. परीक्षा नाही, मार्क नाहीत, डिग्री नाही. फुकट ते पौष्टिक, असं म्हणून मी नाव घातलं. म्हटलं, दुकानात, बागेत, हॉस्पिटलात ही भाषा रोज कानावर पडते, निदान चार वाक्यं तरी नीट बोलता यावीत.

सुरुवातीची चार सेमिस्टर्स व्याकरणात गेली, आणि सांगायला हरकत नाही, मजेत गेली. माझ्या अमेरिकन वर्गबंधूंना निर्जीव वस्तूंना लिंग असतं हेच पचत नव्हतं. टेबल स्त्रीलिंगी का, विचारून ते प्रोफेसरबाईंना हैराण करायचे. आपण तर 'तो दगड, ती वीट, ते घर' म्हणत वाढलेलो. तीन सांभाळणाऱ्याला दोनाचं काय ओझं? 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य त्यांना उलटं वाटायचं. मला ते पाहताक्षणी कळलं, कारण ते आपलं 'मला कॉफी आवडते'च आहे. इंग्रजीत 'मी' कॉफीला आवडून घेतो, आणि मराठीत व स्पॅनिशमध्ये कॉफी 'मला' आवडते. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला हे इतक्या उत्साहाने सांगितलं की त्याने मुकाट्याने कॉफी करून आणली.

खरी गंमत तिसऱ्या वर्षाला, साहित्याच्या वर्गात सुरू झाली. या वर्षात साधारण दोन प्रकारची मुलं असतात. काही हायस्कूलपासून पुस्तकातून स्पॅनिश शिकून आलेली. त्यांचं व्याकरण चोख, पण बोलताना प्रत्येक शब्द मोजून टाकणार. दुसरी, ज्यांच्या घरी आई-वडील किंवा आजी-आजोबा स्पॅनिश बोलतात ती. मेक्सिको, एल साल्वादोर, ग्वातेमाला, पेरू इथून आलेल्या कुटुंबांतली. यांना इथे 'हेरिटेज स्पीकर' म्हणतात आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत त्यांच्यासाठी वेगळे वर्गही असतात. ही मुलं धडाधड बोलतात, विनोद त्यांना आधी कळतात, पण लिहायला सांगितलं की मान खाली घालतात. एक मुलगी मला म्हणाली, "माझं स्पॅनिश स्वयंपाकघरातलं आहे. हे पुस्तकातलं नाही येत मला." मंडळी, हे वाक्य आपल्यापैकी किती जणांच्या घरात वेगळ्या भाषेसंदर्भात बोललं जातं, ते मी सांगायला नको.

आमच्या अभ्यासक्रमात एका लेखकाला एक आठवडा दिला होता. त्याचं नाव इन्का गार्सिलासो दे ला वेगा. ज्यांची मुलं ए.पी. स्पॅनिश लिटरेचर घेतात त्यांनी गोंधळू नये. त्या परीक्षेच्या यादीत एक गार्सिलासो दे ला वेगा आहे, पण तो सॉनेट लिहिणारा स्पेनचा कवी. आपला हा त्याच्याच वडिलांकडच्या नात्यातला, पण पेरूत जन्मलेला. त्या एका आठवड्याने माझं उरलेलं वर्ष खाल्लं, आणि हा लेख त्याच्यावरच आहे.

आधी त्याची हकिकत थोडक्यात सांगते. जन्म १५३९, गाव कुस्को, म्हणजे इन्का साम्राज्याची राजधानी. पिसारोच्या स्पॅनिश फौजेने ते गाव घेतलं १५३३ साली, म्हणजे याच्या जन्माआधी जेमतेम सहा वर्षं. वडील स्पॅनिश कप्तान, आई इन्का राजघराण्यातली, तिचं नाव चिंपू ओक्यो. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. पुढे वडिलांनी एका स्पॅनिश बाईशी रीतसर लग्न केलं आणि आईचं दुसरीकडे लावून दिलं गेलं. मुलगा दोन्ही घरांत वाढला. आईकडे केचुआ, वडिलांकडे स्पॅनिश. वडील वारले तेव्हा स्पेनमध्ये शिकायला जाण्यासाठी मुलाला पैसे ठेवून गेले. १५६० साली, विशी नुकतीच ओलांडलेला हा मुलगा जहाजात बसला. नंतर तो पेरूला कधीही परतला नाही. छप्पन्न वर्षांनी, १६१६ च्या एप्रिलमध्ये, स्पेनमधल्या कोर्दोबा गावी तो वारला. त्याच महिन्यात 'दोन किखोते'चा लेखक सर्वांतेसही गेला.

शिकायला म्हणून परदेशी गेला आणि तिकडेच राहिला. पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे, नाही का?

त्याची दोन पुस्तकं माझ्या डोक्यात बसली आहेत. एक 'ला फ्लोरिदा देल इन्का', १६०५ साली लिस्बनला छापलेलं. दुसरं 'कोमेन्तारिओस रेआलेस', तेही लिस्बनचंच, १६०९ सालचं. हे दुसरं प्रसिद्ध. इन्का लोकांचा इतिहास, देव, कायदे, शेती, झाडं, फळं, सगळं त्यात आहे. आमच्या वर्गात त्याचीच बारा-पंधरा पानं झेरॉक्स करून दिली होती. पहिलं पुस्तक नुसतं 'आवड असेल तर वाचा' या यादीत होतं. मी ते लायब्ररीतून आणलं, कारण त्यात फ्लोरिडा आहे आणि आमचे एक नातेवाईक टॅम्पाला राहतात. वाचनाची कारणं नेहमी थोरच असतात असं नाही!

'ला फ्लोरिदा' ही एर्नान्दो दे सोतोच्या मोहिमेची कथा आहे. ही फौज १५३९ साली आजच्या टॅम्पा बेच्या आसपास उतरली. लेखक स्वतः तिथे कधी गेलेला नव्हता. एका म्हाताऱ्या सैनिकाकडून ऐकून त्याने ती लिहिली. त्यात ख्वान ओर्तिस नावाच्या माणसाचा प्रसंग येतो. हा सेविया शहराचा राहणारा. दे सोतोच्या आधी दहा-अकरा वर्षं आलेल्या एका फसलेल्या मोहिमेत तो तिथल्या स्थानिक लोकांच्या हाती सापडला आणि त्यांच्यातच राहिला. आता आपली माणसं आली म्हणून तो त्यांना भेटायला निघतो. पण अंगावर कपडे स्थानिकांसारखे, हातात धनुष्य. स्पॅनिश घोडेस्वार त्याला शत्रू समजून भाला घेऊन धावतात. आता 'मी तुमचाच आहे' एवढंच सांगायचं. पण तोंडातून भाषाच निघत नाही! इतकी वर्षं बोलायला कुणी नाही, त्यामुळे शब्द गेलेले. शेवटी कसंबसं आपल्या गावाचं नाव तो उच्चारतो, तेही मोडकंतोडकं, 'शिविया, शिविया', आणि हाताने क्रॉसची खूण करतो. त्या खुणेवर त्याचा जीव वाचतो.

इथवर ही एक साहसकथा झाली. पण याच ठिकाणी गार्सिलासो गोष्ट थांबवतो आणि स्वतःबद्दल बोलू लागतो. तो म्हणतो, माझंही असंच झालंय. स्पेनमध्ये माझ्या आईची भाषा बोलायला मला कुणी भेटलं नाही. एके काळी ती मी मोठ्या डौलाने बोलत असे, आणि आता अर्थ कळेल असं सहा-सात शब्दांचं वाक्य मला जुळवता येत नाही. कितीतरी वस्तूंची नावं गेली. पण पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो. एखादा इन्का माझ्यासमोर बोलला तर मला सगळं कळेल. विसरलेला शब्द कानावर पडला तर त्याचा अर्थही मी सांगेन. फक्त तो आपण होऊन मला आठवत नाही, कितीही धडपड केली तरी.

हे मी रात्री साडेदहाला वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरची परिस्थिती लिहून ठेवली होती. आमचा मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला मराठी सगळं कळतं. अगदी त्याच्यापासून लपवून बोललेलंही कळतं. पण उत्तर इंग्रजीत. सांगलीच्या आजीशी व्हिडिओवर बोलताना 'मी बरा आहे, तू कशी आहेस' इथे गाडी थांबते. मी याला आजवर आळस म्हणत आले, कधी रागाने अनास्थाही म्हटलं.

आता टीकाकाराचा चष्मा लावते, कारण इथे एक अडचण आहे. १६०५ च्या पुस्तकात हा माणूस सांगतो की भाषा विसरलो. आणि चारच वर्षांनी आलेल्या 'कोमेन्तारिओस'मध्ये तो छाती पुढे काढून सांगतो की ही भाषा मी आईच्या दुधातून प्यालो, आणि स्पॅनिश इतिहासकारांनी ती न कळल्यामुळे घोटाळे केले. मग खरं काय? काही वाचकांना यात नुसती बढाई दिसेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण 'कोमेन्तारिओस' पुन्हा सावकाश वाचलं तेव्हा माझं मत बदललं.

ते पुस्तक कसं लिहिलंय पाहा. त्याने केचुआत काहीही लिहिलेलं नाही. तो दुसऱ्यांनी लिहिलेलं समोर ठेवतो आणि त्यावर बोलतो. पुस्तकाचं नावच 'भाष्य'. स्पॅनिश इतिहासकार एखादा शब्द चुकीचा लिहितो, आणि तो वाचल्याबरोबर याच्या कानात मूळ शब्द वाजतो. उदाहरण द्यायचं तर 'पेरू' हे नाव. त्याच्या सांगण्यानुसार स्पॅनिशांनी नदीच्या तोंडाशी एका माणसाला पकडून विचारलं, हा देश कोणता? त्या बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही. घाबरून त्याने आपलं नाव सांगितलं, 'बेरू', आणि मी नदीत होतो हे सांगायला 'पेलू', म्हणजे नदी. पकडणाऱ्यांनी दोन्ही एकत्र करून देशाचं बारसं उरकलं. आजचे अभ्यासक हीच व्युत्पत्ती मानतीलच असं नाही. पण एका साम्राज्याचं नाव न समजलेल्या उत्तरातून पडलं, हे सांगण्यातला बोचरेपणा अस्सल आहे.

त्याहून सुंदर 'वाका' या शब्दाचं प्रकरण. स्पॅनिशांनी त्याचा अर्थ लावला 'देव' किंवा 'मूर्ती', आणि निष्कर्ष काढला की हे लोक दिसेल त्याची पूजा करतात. गार्सिलासो म्हणतो, थांबा. वाका म्हणजे मूर्ती हे खरं, पण देऊळही वाका, थडगंही वाका. अतिशय देखणी वस्तू वाका आणि अतिशय कुरूपही वाका. जुळी मुलं, दोन बलकांचं अंडं, पर्वतांची ती प्रचंड रांग, म्हणजे नेहमीच्या चाकोरीबाहेरचं जे जे, ते वाका. यात पूजा असेलच असं नाही. शिवाय शेवटचं अक्षर घशातून उच्चारलं तर त्याच शब्दाचा अर्थ होतो 'रडणे'!

हे वाचताना मला आपला 'जरा' आठवला. 'जरा थांब' मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'मधला ज वेगळा. अक्षर तेच, कान मात्र आईकडून यावा लागतो. इकडच्या मुलांचा 'चमचा' ऐकला की कळतं मी काय म्हणते ते.

तेव्हा माझं म्हणणं असं. 'कोमेन्तारिओस' हे भाषा विसरलेल्या माणसाचंच पुस्तक आहे. 'ला फ्लोरिदा'त त्याने आपल्यात काय उरलंय याची प्रामाणिक यादी दिली: बोलता येत नाही, पण ऐकलं की ओळखता येतं. आणि जे उरलं होतं त्याच्यावरच त्याने पुढचं पुस्तक उभं केलं. ओळखणं, दुरुस्त करणं, 'असं नाही, त्याचा अर्थ असा' म्हणणं. बोलणं गेल्यावरही जे शिल्लक राहतं त्याची किंमत त्याला कळली होती. या दोन पुस्तकांत विसंगती नाही. पहिल्याशिवाय दुसरं नीट समजतच नाही. म्हणून आमच्या वर्गात दुसऱ्याची पानं वाटली आणि पहिलं 'आवड असेल तर' मध्ये टाकलं, हे मला चुकीचं वाटतं.

पण गार्सिलासोला डोक्यावर घेऊन नाचण्याआधी त्याचं जे खटकतं तेही सांगायला हवं. परदेशात बसून आठवणीतला देश लिहिणाऱ्याला जो रोग होतो, तो त्यालाही झाला होता. आईकडचे नातेवाईक दर आठवड्याला जमायचे, गेलेल्या वैभवाच्या गोष्टी काढायचे आणि शेवटी रडायचे, असं तो स्वतःच लिहितो. सोळा-सतरा वर्षांचा असताना ऐकलेल्या त्या गोष्टी त्याने चाळीसहून अधिक वर्षांनी कागदावर उतरवल्या. त्यातून जे इन्का राज्य उभं राहतं त्यात कुणी उपाशी नाही, कुणी आळशी नाही, राजे सगळे बापासारखे. इन्कांच्या आधी तिथे राहणारे लोक मात्र रानटी, त्यांना माणसात आणलं ते इन्कांनीच. हे एका राजघराण्याचं स्वतःबद्दलचं मत आहे, आणि जिंकल्या गेलेल्या इतर जमातींना त्यात आवाज नाही. आईच्या बाजूच्या लोकांना मारणारा आताउआल्पा त्याच्या लेखी केवळ दुष्ट. आणि इन्का नरबळी देत नसत, असं तो ठासून सांगतो. १९९९ साली अर्जेंटिनातल्या यूयायाको ज्वालामुखीच्या शिखरावर, साडेसहा हजार मीटरहून अधिक उंचीवर, बर्फात टिकून राहिलेले तीन मुलांचे देह सापडले. इन्कांनी बळी दिलेली मुलं. आज ते साल्ता शहरातल्या संग्रहालयात आहेत. स्पॅनिश समीक्षक मेनेन्देस पेलायो याने या पुस्तकाला इतिहास न मानता आदर्श राज्याची कादंबरी मानलं, ते टोकाचं असलं तरी उगाच नव्हतं.

आपणही हे करतो. आपल्या स्मरणिकांतला गाव नेहमी अंगणातल्या प्राजक्ताचा असतो. त्या अंगणात कुणाला यायची बंदी होती, विहीर कुणासाठी बंद होती, घरातली विधवा आत्या कुठे बसायची, हे त्यात नसतं. मी स्वतः असे दोन लेख लिहिलेत, म्हणून हक्काने बोलते. मुलं ते वाचत नाहीत याचं कारण भाषा हे एकच नसावं. फार गोड सांगितलं की मुलांना लगेच संशय येतो.

तरीही गोडवा निरुपद्रवी असतो असं नाही. १७८० साली पेरूत तुपाक आमारू दुसरा याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध मोठा उठाव केला. तो मोडून काढल्यावर सरकारने हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक वसाहतींतून गोळा करायचा हुकूम काढला. ज्या पुस्तकाला घाबरावं लागतं त्यात केवळ हळहळ नसते.

गार्सिलासोच्या शेजारी आणखी एक माणूस ठेवून पाहावा, म्हणजे चित्र पूर्ण होतं. फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला. हाही पेरूचाच, पण देश सोडून न गेलेला. त्याने स्पेनच्या राजाला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं आणि ते जवळजवळ बाराशे पानांचं झालं. त्यात ३९८ चित्रं. १६१५ च्या सुमाराचं हे हस्तलिखित राजाने वाचल्याचा काही पुरावा नाही. १९०८ साली ते कोपेनहेगनच्या ग्रंथालयात सापडलं, आणि आता तिथल्या ग्रंथालयानेच ते इंटरनेटवर सर्वांना खुलं केलंय. जरूर पाहा. चित्रं पाहायला स्पॅनिश यावं लागत नाही. त्याचं स्पॅनिश मोडकं, मध्येच केचुआ, वाक्यं एकमेकांत अडकलेली. गार्सिलासोचं स्पॅनिश म्हणजे इस्त्री केलेलं धोतर, तर याचं चिखलातून चालत आलेल्या माणसाचं. पण खाणीत राबणारा, मार खाणारा, लुबाडला जाणारा सामान्य माणूस दिसतो तो याच्याच पानांत.

वर्गात यावर चर्चा निघाली तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या स्पॅनिशवाली मुलगी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. ती म्हणाली, "ग्वामान पोमाला या वर्गात व्याकरणात नापास केलं असतं." सगळे हसले, प्रोफेसरबाईही. मग बाईंनी तिला बोलू दिलं. ती दहा मिनिटं बोलली, चुका करत, मध्ये इंग्रजी घालत, आणि बाईंनी एकदाही तिला तोडलं नाही. तिची आजी ग्वातेमालात किचे भाषा बोलते, आईला ती थोडी येते, हिला दोन-चार शब्द. म्हणजे आपण जिला 'त्यांची मातृभाषा' समजतो ती स्पॅनिशही कित्येक घरांत आधीच्या एका भाषेवर येऊन बसलेली आहे. युनिव्हर्सिटीतल्या या शिक्षणाबद्दल माझी तक्रार असेल तर ती हीच. आईची भाषा हरवल्याचं दुःख करणाऱ्या लेखकाला आम्ही संपूर्णपणे बापाच्या भाषेत वाचतो. केचुआ आजही लाखो लोक बोलतात. पण ती शिकवणाऱ्या युनिव्हर्सिट्या इथे मोजक्याच.

आणि कौतुक असेल तर तेही सांगते. तिसऱ्या वर्षाला हे लोक मुलांच्या हातात खरं साहित्य देतात. सोपं केलेलं, बाळबोध नाही. चुकत वाचा म्हणतात. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मी सात वर्षं शिकवलं. बाराखडी झाली, रंग झाले, भाज्या झाल्या, आरत्या झाल्या. मूल चौदा वर्षांचं झालं तरी आम्ही त्याला 'कमळ' आणि 'बदक'च वाचायला देत होतो. इंग्रजीत तो तोवर शेक्सपिअर वाचत होता, आणि आम्ही म्हणत होतो, मुलांना मराठीची गोडी नाही!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलगा सुट्टीला आला होता. रात्री आम्ही तिघं एक मराठी सिनेमा पाहत होतो, खाली इंग्रजी ओळी. सिनेमातली सासू सुनेच्या हातातला पेला पाहून म्हणाली, "अगं, उष्टं आहे ते!" खाली अक्षरं आली: लेफ्टओव्हर्स. आमचा मुलगा एकदम सोफ्यावर उठून बसला. "नो, नो! उष्टं इज नॉट लेफ्टओव्हर्स! लेफ्टओव्हर्स म्हणजे... शिळं! उष्टं इज डिफरंट." मग त्याने दहा मिनिटं आम्हालाच समजावलं. तोंड लागलेलं ते उष्टं, ताजं असलं तरी. आजी त्याच्या ताटातलं खायची ते उष्टं, पण ती ते प्रेमाने खायची. आणि शाळेत कुणी त्याच्या बाटलीला तोंड लावलं की त्याला जे कसंतरी व्हायचं, त्याला इंग्रजीत शब्दच नाही. हे सगळं इंग्रजीत. पण मला वाटलं, हे 'वाका'चंच प्रकरण चाललंय माझ्या घरात. शब्द स्वतःहून त्याच्या तोंडात आला नसता. तो कानावर पडला आणि त्याने ओळखला, आणि दुसऱ्याची चूक दाखवून दिली.

गार्सिलासोने भाषा गेल्याचं कारण अगदी साधं दिलंय. बोलायला कुणी नव्हतं. तो स्वतःला दोष देत नाही, आईलाही देत नाही. मी मात्र दिला. मुलगा लहानपणी मराठीत बोलायचा तेव्हा मी प्रत्येक वाक्यात त्याला तोडत असे. "ती रस्ता नाही रे, तो रस्ता!" "'आई आला' नाही, 'आई आली'!" त्याला बोलायला एक माणूस होतं घरात, आणि ते माणूस सतत लाल पेन घेऊन बसलेलं होतं. त्या प्रोफेसरबाईंनी त्या मुलीला दहा मिनिटं न तोडता ऐकलं, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून वीस वर्षांपूर्वीचा हिशेब मांडत होते.

आता मंडळाकडे एक मागणं आहे. १६१६ साली, गार्सिलासो कोर्दोबात वारला त्याच वर्षी, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. मोठेपणी, परक्या देशात जाऊन त्याने आपली भाषा शिकली आणि तिच्यात हजारो ओव्या लिहिल्या. म्हणजे शिकणं कुठल्याही वयात होतं. आपल्या मोठ्या झालेल्या मुलांसाठी महिन्यातून एक रविवार ठेवू या. एक मराठी कथा, मोठ्यांसाठी लिहिलेली, कुणीतरी मोठ्याने वाचायची. मुलांनी ऐकायची, आणि त्यावर हव्या त्या भाषेत बोलायचं. तिच्या इंग्रजी भाषांतरातल्या चुका शोधायचं काम त्यांच्याकडे द्यायचं. आम्ही आई-वडिलांनी फक्त चहा करायचा आणि कुणाचंही लिंग-वचन सुधारायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला ठाऊक आहे.

त्या रात्री सिनेमा संपल्यावर मुलाने आजीला फोन लावला. सांगलीत तेव्हा सकाळ होती. "आजी, मी आज आईला उष्टं शिकवला," तो म्हणाला. 'शिकवलं' माझ्या ओठावर आलं होतं. मी उठले आणि कप विसळायला गेले.